विश्लेषण : ‘काही नाही, टेन्शन आहे’... भावना ओळखता न येण्याचे मोजमाप कसे होते? वऱ्हाडासाठी ते महत्त्वाचे का?

धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या कुठल्याही गावात आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या माणसांचा ‘सीबॅक’ फॉर्म भरतात. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, जुना खोकला, तोंडातली न भरणारी जखम, चुलीचे इंधन असे बरेच काही विचारून होते. शेवटी मनाबद्दलचे फक्त दोन प्रश्न उरतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही, असे किती दिवस झाले? उदास, खिन्न किंवा निराश किती दिवस वाटले? समोरचा माणूस म्हणतो, ‘काही नाही ताई, ठीक आहे. थोडं टेन्शन राहते.’ दोन्ही प्रश्नांपुढे शून्य लिहिले जाते आणि आशाताई पुढच्या घरी जातात.

हे शून्य दोन गोष्टी सांगू शकते. माणूस खरोखर ठीक आहे, ही एक शक्यता. आत काय चालले आहे ते त्याला स्वतःलाच ओळखता किंवा सांगता आले नाही, ही दुसरी. दुसऱ्या शक्यतेला मानसशास्त्रात नाव आहे आणि ती मोजण्याच्या पट्ट्याही आहेत. त्या पट्ट्या काय मोजतात, कुठे चुकतात आणि कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात त्याचा अर्थ काय होतो, हे समजून घेऊ.

‘ॲलेक्झिथायमिया’ म्हणजे नेमके काय?

अमेरिकेतील बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हा शब्द घडवला. ग्रीक भाषेत ‘अ’ म्हणजे नाही, ‘लेक्सिस’ म्हणजे शब्द आणि ‘थायमॉस’ म्हणजे भावना. थोडक्यात, भावनेसाठी शब्द नसणे. सिफ्निओस आणि त्यांचे सहकारी जॉन निमाया यांच्याकडे पोटाचे विकार, दमा अशा दुखण्यांचे रुग्ण येत. त्यातले अनेक जण दुखण्याचा तपशील बारकाईने सांगत, पण ‘तुम्हाला त्या वेळी काय वाटले?’ असे विचारले की अडखळत किंवा पुन्हा घटनाच सांगू लागत.

यात तीन गोष्टी येतात. एक, आपल्याला काय वाटते आहे ते ओळखता न येणे. राग, भीती आणि दुःख यांची सरमिसळ होणे किंवा छातीतली धडधड हा फक्त शरीराचा बिघाड समजणे. दोन, जे वाटते ते दुसऱ्याला सांगता न येणे. तीन, लक्ष आत न वळता सतत बाहेरच्या घडामोडींवर राहणे.

हा आजार नाही. मानसिक आजारांच्या ‘डीएसएम-५’ आणि ‘आयसीडी-११’ या दोन्ही प्रमुख याद्यांत त्याचे स्वतंत्र निदान नाही. उंची किंवा वजनासारखा तो कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांत असणारा गुण मानला जातो. ज्यांच्यात तो जास्त असतो त्यांच्यात नैराश्य, चिंता, व्यसन आणि कारण न सापडणारी शारीरिक दुखणी जास्त आढळतात. मात्र नैराश्यामुळे भावना ओळखणे अवघड होते की भावना ओळखता न आल्याने नैराश्य वाढते, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. नैराश्य उतरले की हा गुणही काही प्रमाणात उतरतो, असे अभ्यासांत दिसले आहे.

मोजतात कसे?

सर्वांत जास्त वापरली जाणारी पट्टी कॅनडातील टोरांटोची आहे. मायकेल बॅग्बी, जेम्स पार्कर आणि ग्रॅहम टेलर यांनी १९९४ मध्ये तिचे आजचे २० विधानांचे रूप प्रसिद्ध केले. तिला ‘टीएएस-२०’ म्हणतात. प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडते, ते १ ते ५ या आकड्यांत सांगायचे. ओळखण्यातल्या अडचणीबद्दल ७ विधाने, सांगण्यातल्या अडचणीबद्दल ५ आणि बाहेरच लक्ष असण्याबद्दल ८. त्यातली ५ विधाने उलट अर्थाची आहेत, म्हणजे डोळे झाकून सगळीकडे ‘हो’ म्हणणाऱ्याचे उत्तर सुटून दिसते.

एकूण गुण २० ते १०० यांच्या मध्ये येतात. ५१ किंवा त्याहून कमी म्हणजे अडचण नाही, ५२ ते ६० म्हणजे काठावर, ६१ किंवा त्याहून जास्त म्हणजे ठळक अडचण. फिनलंडमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वसामान्य लोकांच्या पाहणीत १३ टक्के लोक या वरच्या गटात आले. पुरुषांत हे प्रमाण १७ टक्के आणि स्त्रियांत १० टक्के होते.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण साध्या तर्काची आहे. ज्याला आपल्या भावना कळत नाहीत, त्यालाच ‘तुम्हाला भावना कळत नाहीत का?’ असे विचारले जाते. रंग नीट न दिसणाऱ्याने आपल्याला किती रंग दिसत नाहीत ते स्वतःच मोजून सांगावे, असा हा प्रकार. जो माणूस ‘मला कळत नाही’ असे ओळखून कबूल करतो, तो स्वतःकडे थोडेफार पाहतो. अजिबात न पाहणारा माणूस मात्र कमी गुण घेऊन सहज सुटू शकतो.

त्यामुळे संशोधकांनी दुसरे मार्ग काढले. टोरांटोच्याच गटाने २००६ मध्ये २४ प्रश्नांची मुलाखत तयार केली. त्यात प्रशिक्षित व्यक्ती समोर बसून उदाहरणे विचारते आणि गुण ती स्वतः देते. ऑस्ट्रेलियातील पर्थमध्ये २०१८ मध्ये २४ विधानांची नवी पट्टी आली. तिने सुखद आणि दुःखद भावना वेगळ्या केल्या, कारण आनंद ओळखणारा माणूस दुःखापाशी अडू शकतो आणि याच्या उलटही घडते.

रिचर्ड लेन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेली पद्धत आणखी वेगळी आहे. तिच्यात स्वतःबद्दल मत विचारत नाहीत, २० छोटे प्रसंग देतात. अशा वेळी तुम्हाला काय वाटेल आणि समोरच्याला काय वाटेल, ते आपल्या शब्दांत लिहायचे. तपासणारा शब्द मोजतो. फक्त शरीराची जाणीव सांगितली तर सर्वांत खालची पायरी. ‘वाईट वाटेल’ असे मोघम बोलले किंवा केवळ आपण काय करू ते सांगितले तर त्याच्या वरची. राग, दुःख, लाज असा नेमका शब्द वापरला तर त्याच्याही वरची. एकापेक्षा जास्त भावना आणि दुसऱ्याची वेगळी भावनाही सांगितली तर सर्वांत वरची.

इथून भाषेचा प्रश्न सुरू होतो.

भाषा बदलली की मोजमाप बदलते का?

बदलते. ‘पोटात गोळा आला’, ‘छातीत धस्स झालं’, ‘काळजाचं पाणी झालं’, ‘हातपाय गळाले’ ही वाक्ये वाचा. शब्दशः पाहिले तर ती पोट, छाती, काळीज आणि हातपाय यांच्याबद्दल आहेत. पण मराठी माणसाला यातली भीती, धक्का, करुणा आणि हताशा लगेच वेगवेगळी कळते. कोणी वरच्या प्रसंगांना अशी उत्तरे लिहिली आणि तपासणाऱ्याने ती शब्दशः भाषांतरात वाचली, तर हा माणूस भावनेच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसेल. प्रत्यक्षात त्याने नेमकी भावना सांगितलेली असते.

दुसरे उदाहरण ‘वाटणे’ या क्रियापदाचे. ‘मला वाईट वाटते’ ही भावना आणि ‘मला वाटते, उद्या पाऊस येईल’ हा अंदाज. मराठीत एकच क्रियापद दोन्ही कामे करते. ‘तुम्हाला काय वाटते?’ या प्रश्नावर शेतकऱ्याने कापसाच्या भावाबद्दल मत दिले तर तो प्रश्न टाळत नाही, विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो.

‘टीएएस-२०’चा हिंदी अनुवाद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पट्टी भारतीय भाषेत आणता येते हे त्यातून दिसले. पण तिचा तिसरा भाग, म्हणजे ‘लक्ष बाहेर असणे’, पाश्चात्त्य देशांबाहेर अनेकदा डळमळीत ठरतो. कॅनडातील युरोपीय आणि चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांची तुलना करणाऱ्या २०१२च्या अभ्यासाने याचे कारण दाखवले. चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचे या भागातले गुण जास्त होते. मात्र तो फरक मूल्यांतून आला होता. आपल्या भावनांकडे सतत पाहणे आणि त्या बोलून दाखवणे महत्त्वाचे, असे ज्या घरात मानत नाहीत तिथे वाढलेल्या मुलांनी त्याप्रमाणे उत्तरे दिली होती. म्हणजे पट्टीचा हा भाग क्षमता कमी आणि संस्कार जास्त मोजत होता.

वऱ्हाडात दुःख कसे सांगितले जाते?

‘मले कसंसंच होते’, ‘जीव लागत नाही’, ‘डोकं भनभन करते’, ‘झोप येत नाही’, ‘जेवण जात नाही’, ‘अंगात ताकदच नाही राहिली’. अमरावती-अकोल्याकडच्या कोणत्याही दवाखान्याच्या रांगेत ही वाक्ये कानावर पडतील. त्यात ‘टेन्शन’ हा इंग्रजीतून आलेला शब्द आता पूर्ण वऱ्हाडी झाला आहे. कर्जाचे टेन्शन, पोरीच्या लग्नाचे टेन्शन, पावसाचे टेन्शन. हा एकच शब्द काळजी, भीती, चीड, लाज आणि निराशा यांच्यासाठी चालतो.

असे बोलणारे फक्त वऱ्हाडातच आहेत असे नाही. गोव्यात नैराश्य असलेल्या स्त्रियांच्या मुलाखतींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही अंगदुखी, थकवा, झोप नसणे या तक्रारी पुढे होत्या. पण मुलाखत पुढे सरकल्यावर त्याच स्त्रिया घरातली भांडणे, पैशांची ओढाताण, नवऱ्याची दारू यांच्याशी आपल्या दुखण्याचा संबंध नीट जोडत होत्या. त्यांना भावना कळत नव्हत्या असे म्हणता येणार नाही. डॉक्टरपुढे सांगण्याजोगी गोष्ट म्हणून त्या शरीराची तक्रार पुढे ठेवत होत्या.

म्हणून ‘गावाकडच्या माणसाला भावना सांगता येत नाहीत’ हे सरसकट विधान चुकीचे आहे. काहींना खरोखर ओळखता येत नाहीत. काहींना येतात, पण त्यांची भाषा फॉर्मच्या भाषेपेक्षा वेगळी असते. काहींना भाषाही असते, पण सांगायला माणूस किंवा आडोसा नसतो. या तिन्ही प्रकारच्या माणसांचे फॉर्मवरचे उत्तर एकच येऊ शकते.

तालुका पातळीवर तपासणी कशी होते?

वर सांगितलेले दोन प्रश्न ‘पीएचक्यू-२’ या नावाने ओळखले जातात. प्रत्येकाला ० ते ३ गुण. ‘सीबॅक’ फॉर्मच्या सूचनेनुसार एकूण गुण ३ पेक्षा जास्त आले तर त्या व्यक्तीला समुदाय आरोग्य अधिकारी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडे पाठवायचे. मूळ प्रश्नावलीच्या अभ्यासात मात्र ३ किंवा त्याहून जास्त ही रेषा सुचवली होती. म्हणजे बरोबर ३ गुण मिळालेला माणूस मूळ नियमाने पुढच्या तपासणीला गेला असता आणि फॉर्मच्या नियमाने घरीच राहतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे दोन्ही प्रश्न थेट भावनेचे आहेत. ‘रस वाटतो का?’ यावर शेतकऱ्याचे उत्तर ठरलेले असते, ‘काम तर करावंच लागते.’ त्याने रसाबद्दल काहीच सांगितलेले नसते. त्यात उत्तर ओसरीत, बायको-पोरे आणि शेजारी यांच्या समोर द्यायचे असेल तर ‘मी निराश आहे’ असे कोण म्हणणार?

याचे मोठे भावंड म्हणजे ‘पीएचक्यू-९’. त्यात नऊ प्रश्न आणि एकूण २७ गुण असतात. १० किंवा जास्त गुण आले तर पुढे तपासायचे. पहिले दोन प्रश्न तेच, पण पुढे झोप, थकवा, भूक, लक्ष न लागणे, हालचाल मंदावणे किंवा अस्वस्थ येरझाऱ्या घालणे यांबद्दल विचारतात. ज्याला ‘उदास’ हा शब्द आपला वाटत नाही, तो ‘झोप लागत नाही’ आणि ‘जेवण जात नाही’ यांना लगेच हो म्हणतो. छोटा फॉर्म वेळ वाचवतो, पण शरीराच्या भाषेत बोलणाऱ्यासाठी असलेली दारे नेमकी त्यातच बंद असतात.

अमरावती जिल्ह्यातील ‘विश्राम’ प्रकल्पाने काय दाखवले?

या प्रश्नाचा सर्वांत चांगला स्थानिक पुरावा अमरावती जिल्ह्यातच आहे. ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प जिल्ह्यातील ३० गावांत राबवला गेला. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पद्धत साधी होती. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले. त्यांनी छोट्या गटांत बसून ताण, झोप, दारू, निराशा यांवर बोलणे सुरू केले, गरज असलेल्यांना मानसिक प्रथमोपचार दिला, त्यापुढे समुपदेशक आणि त्यापुढे मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी ठेवली.

सुरुवातीच्या पाहणीत नैराश्याची लक्षणे असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोकांनी त्यासाठी कोणाची मदत घेतली होती. १८ महिन्यांनंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्के झाले, म्हणजे सहा पटींहून जास्त. नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले. गेल्या १२ महिन्यांत आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले.

ही आधीची आणि नंतरची तुलना आहे. त्यामुळे सगळा फरक प्रकल्पामुळेच पडला असे ठामपणे म्हणता येत नाही. पीकपाणी आणि बाजारभाव यांचाही वाटा असू शकतो. पण मदत घेणाऱ्यांच्या प्रमाणातली एवढी वाढ पाऊस बरा झाला म्हणून होत नाही. ‘मला जे होते आहे त्याला नाव आहे आणि त्यावर इलाज आहे’ हे कळल्यावरच माणूस दार ठोठावतो. ते नाव गावातल्या माणसाने, गावाच्या बोलीत दिले होते.

पुरुषांचा प्रश्न वेगळा आहे का?

काही अंशी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड लेव्हंट यांनी १९९०च्या दशकात मांडले, की सौम्य प्रमाणातली ही अडचण अनेक पुरुषांत संस्कारातून तयार होते. ‘रडतो काय पोरीसारखा?’ हे वाक्य लहानपणी पुरेशा वेळा ऐकले की मुलगा दुःख दाखवणे सोडतो आणि हळूहळू ओळखणेही सोडतो. उरतो तो राग, कारण पुरुषाने चिडणे चालते. स्त्री-पुरुषांतला हा फरक अभ्यासांत दिसतो, पण तो फार मोठा नाही.

वऱ्हाडात याचा विचार करावाच लागतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये देशात शेतीवर अवलंबून असलेल्या १०,७८६ शेतकरी आणि शेतमजुरांनी आत्महत्या केल्या. त्यात महाराष्ट्राचा वाटा ३८.५ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक होता. मृत शेतकऱ्यांत बहुसंख्य पुरुष असतात. अशा घटनेनंतर घरचे आणि शेजारी अनेकदा सांगतात, की ‘तो काही बोललाच नाही.’ बोलला नाही याचा अर्थ काहीच दिसत नव्हते असा होत नाही. झोप उडणे, जेवण सुटणे, चिडचिड, दारू वाढणे, पारावर येणे बंद होणे, जनावरांकडे दुर्लक्ष, देणीघेणी अचानक उरकणे या गोष्टी शब्दांआधी दिसू लागतात.

सगळे खापर भावनांवर फोडण्याचा धोका नाही का?

आहे, आणि तो मोठा आहे. शेतकऱ्याचे दुःख म्हणजे ‘भावना न ओळखण्याची अडचण’ असे म्हटले की कर्ज, नापिकी, सोयाबीनचा पडलेला भाव, विम्याची अडलेली रक्कम हे सगळे बाजूला पडते. धामणगावच्या बाजार समितीत माल खर्चापेक्षा कमी भावात विकून परतणारा शेतकरी हताश असेल तर ती परिस्थितीला साजेशी भावना आहे. तिला विकार म्हणणे हा अन्याय ठरेल. समुपदेशनाने व्याज कमी होत नाही.

पण उलट बाजूही खरी आहे. सारख्याच कर्जात बुडालेल्या दोन माणसांपैकी जो आपली अवस्था कोणाला तरी सांगू शकतो, त्याच्यापर्यंत मदत पोहोचण्याची शक्यता जास्त असते. मग ती मदत भावाची असो, सोसायटीच्या सचिवाची असो की डॉक्टरची. शासनालाही हे मान्य आहे. राज्य सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ ही शेतकरी समुपदेशन सेवा सुरू केली. त्यात अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे आहेत आणि घरोघरी पाहणीची भिस्त आशांवरच आहे. भाव आणि भावना हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दिले म्हणून दुसरा सुटत नाही.

मोजमापाची पोकळीही लक्षात घेण्यासारखी आहे. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेले राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्यात महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणात नैराश्य आणि चिंता यांसारख्या सामान्य मानसिक आजारांच्या दर १०० पैकी सुमारे ८५ रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले होते.

बोलीतून पट्टी बनवता येते का?

येते, आणि तशी बनवलेली आहे. झिम्बाब्वेमध्ये १९९०च्या दशकात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी शोना भाषेत १४ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. परदेशी प्रश्नांचे भाषांतर करण्याऐवजी त्यांनी आधी लोक आपला त्रास कसा सांगतात ते ऐकले. तिथे ‘कुफुंगिसिसा’ हा शब्द सर्रास वापरात होता. त्याचा अर्थ ‘फार विचार करत बसणे’. प्रश्नावलीत तोच शब्द घेतला. पुढे हरारेतील दवाखान्यांच्या आवारात बाकावर बसून समुपदेशन करणाऱ्या आज्यांनी हीच प्रश्नावली वापरली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या बाकाचा रुग्णांना चांगला उपयोग झाल्याचे दिसले.

वऱ्हाडात असे करायचे तर ‘टेन्शन’, ‘जीव लागत नाही’, ‘कसंसंच होते’, ‘डोकं भनभन करते’ या शब्दांपासून सुरुवात करावी लागेल. कोणत्या शब्दाआड काळजी आहे, कोणत्या शब्दाआड नैराश्य आणि कोणत्या शब्दाआड फक्त दिवसभराचा शीण, हे तज्ज्ञाच्या तपासणीशी ताडून पाहावे लागेल. हे काम खर्चिक नाही, पण त्यासाठी आधी बराच काळ ऐकावे लागते. शेजारच्या जिल्ह्यांत सेवाग्राम, सावंगी आणि यवतमाळ, तसेच खुद्द अकोल्यात वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सामाजिक वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी दर वर्षी गावांत पाहण्या करतातच.

तोवर काय करता येईल?

आशा आणि उपकेंद्राच्या पातळीवर क्रम बदलता येतो. आधी झोप, जेवण, अंगदुखी, कामावर जाणे विचारावे आणि मग मनाकडे यावे. ‘निराश वाटते का?’ या प्रश्नाऐवजी ‘भाऊ, रातच्याला झोप लागते का? डोक्यात काय फिरत राहते?’ असे विचारले तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. दोन प्रश्नांवर शून्य आले, पण झोप आणि जेवण दोन्ही बिघडले असेल, तर तो शून्य पुरेसा मानू नये आणि नऊ प्रश्नांची तपासणी करावी. प्रश्न शक्यतो एकट्याला विचारावेत.

घरच्यांसाठी नियम सोपा आहे. ‘तुला काय होते ते सांग’ असा आग्रह धरण्यापेक्षा जे दिसते ते बोलून दाखवावे. ‘चार दिवसांपासून तू जेवत नाहीस, वावरात जात नाहीस, मला काळजी वाटते.’ ज्याला आपल्या भावनेला नाव देता येत नाही, त्याला दुसऱ्याने दिलेले नाव बरोबर की चूक हे बहुधा सांगता येते. ‘राग आला का? की भीती वाटते?’ असे पर्याय दिले तरी बोलणे सुरू होते. मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. उलट, बोलायला जागा मिळते. असे विचार आहेत असे कळले तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि फवारणीची औषधे त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत.

भावना ओळखण्याचे कौशल्य मोठेपणीही शिकता येते. मानसोपचारात त्यावर थेट काम केले तर पट्टीवरचे गुण कमी झाल्याचे अभ्यास आहेत. तालुक्यातील ग्रामीण रुग्णालय आणि अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले ‘इर्विन’, इथून पुढचा मार्ग मिळतो. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते. फोन लावताना नेमके काय वाटते आहे ते माहीत असण्याची गरज नाही. ‘झोप येत नाही’ एवढे सांगितले तरी पुढचे बोलणे सुरू होते.